ढिगाच्या आतले धान्य



खाजगी रुग्णालयात पैसे मोजून आपण नेमके काय विकत घेतो, या प्रश्नाचा विचार आपण क्वचितच करतो. आरोग्य विकत घेतो म्हणावे, तर ते कोणत्याही वैद्याच्या हाती नाही. आजारातून बरे करण्याचे काम हजरत इब्राहीम (अ.) यांनी आपल्या पालनकर्त्याकडेच सोपविले होते, हे आपण सूरह शुअरामध्ये वाचतो. खोली, खाट आणि औषधे विकत घेतो म्हणावे, तर या वस्तू इतरत्रही मिळतात. मग उरते ते एवढेच, की एका जाणकार माणसाने आपले ज्ञान, आपला वेळ आणि आपला प्रामाणिकपणा काही काळ आपल्या देहासाठी वापरावा. या तीन गोष्टींपैकी पहिल्या दोहोंचे मोल ठरविता येते. तिसरीचे मोल बिलात कोठेच लिहिलेले नसते, आणि तीच नसेल तर पहिल्या दोन घातक ठरतात.

भाजी घेताना आपण वांगे दाबून पाहतो, कापड घेताना पोत बोटांत चुरगाळून पाहतो. घरी आणल्यावर माल खराब निघालाच, तर दुकानदाराकडे परत जातो. रुग्णालयात यातले काहीच शक्य नसते. पित्ताशय काढण्याची खरोखर गरज होती की नव्हती, हे पित्ताशय काढल्यानंतरही रुग्णाला कळत नाही. अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ साली लिहिलेल्या एका गाजलेल्या निबंधात हाच मुद्दा मांडला होता. वैद्यकीय सेवेत विकणाऱ्याला सर्व ठाऊक असते आणि घेणाऱ्याला जवळजवळ काहीच ठाऊक नसते, म्हणून हा व्यवहार बाजाराच्या नेहमीच्या नियमांनी चालत नाही, तो विश्वासावर उभा असतो, असे त्यांचे विवेचन होते. इस्लामी परिभाषेत अशा विश्वासाला एक नाव आहे : अमानत. ज्याची वस्तू आहे तो पाहत नसताना, त्याला तपासता येत नसताना, ती जशीच्या तशी सांभाळणे. सूरह निसामध्ये अमानती त्यांच्या हक्कदारांना पोहोचविण्याचा आदेश आला आहे. आपण त्याचा अर्थ बहुधा ठेवलेल्या पैशांपुरता आणि दागिन्यांपुरता घेतो. भूल देऊन टेबलावर निजविलेल्या माणसाचा देह ही त्याहून मोठी अमानत नव्हे काय?

आता आजच्या रुग्णालयांत सेवेची गुणवत्ता कशी मोजली जाते ते पाहू. १९८५ ते १९८८ या काळात परसुरामन, झाईथमल आणि बेरी या तीन अभ्यासकांनी अमेरिकेत एक पद्धत विकसित केली. 'सर्व्हक्वाल' या नावाने ती जगभर ओळखली जाते. सेवा घेण्यापूर्वी ग्राहकाची अपेक्षा काय होती आणि सेवा घेतल्यावर त्याला काय जाणवले, यांतील तफावत २२ विधानांच्या आधारे मोजायची, अशी तिची रीत. कसोट्या पाच : डोळ्यांना दिसणाऱ्या सोयी, दिलेला शब्द पाळणे, तत्परता, सेवकांच्या वागण्यातून वाटणारी खात्री आणि आपुलकी. ही पद्धत प्रथम बँका, क्रेडिट कार्ड, उपकरणांची दुरुस्ती आणि दूरध्वनी अशा सेवांवर पारखली गेली होती. तेथून ती रुग्णाच्या खाटेपर्यंत आली. डिस्चार्जच्या वेळी आपल्या हाती जो छापील कागद देतात, 'स्वच्छता कशी होती, सिस्टर वेळेवर येत होत्या का, जेवण कसे होते' असे विचारणारा, तो बहुधा याच कुळातला असतो.

हे प्रश्न क्षुल्लक आहेत, असे मी म्हणणार नाही. रात्री तीन वाजता बेल वाजविल्यावर कोणी येते की नाही, हा जीवनमरणाचा प्रश्न असू शकतो. ज्या वृद्धेला बेडपॅन देणाऱ्या मावशीने झिडकारले, तिच्यासाठी त्या रात्रीचे सर्वांत मोठे दुःख आजार हे नसते. आणि वागणुकीचाच विषय निघाला आहे तर एक गोष्ट सांगून टाकावी. कोकणात किंवा मराठवाड्यात पिढ्यान्पिढ्या मराठी बोलणारी आपली एखादी माऊली बुरख्यात काउंटरपुढे उभी राहिली, की समोरची व्यक्ती अचानक तोडक्यामोडक्या हिंदीवर घसरते, आणि तीही एकेरीवर. यात कोणाचा दुष्ट हेतू असतोच असे नाही. परंतु आजारी माणसाला आपण येथे परके आहोत असे जाणवू देणे हा सेवेतील दोषच होय, आणि अशा वेळी शांतपणे, नीट मराठीत उत्तर देणे हा उत्तम उपाय होय.

मात्र त्या छापील कागदावर जे विचारले जात नाही, तेही पाहा. शस्त्रक्रिया गरजेची होती का? लिहून दिलेल्या पाच तपासण्यांपैकी किती तपासण्यांनी उपचारात काही फरक पडला? रुग्णाला पाठविणाऱ्या डॉक्टरला त्याबद्दल काही पोहोचले का? हे प्रश्न रुग्णाला विचारून उपयोग नाही, कारण त्याला उत्तर माहीत नसते. वैद्यकीय गुणवत्तेचे अभ्यासक अवेदिस दोनाबेदियन यांनी १९६६ मध्ये सुविधा, उपचाराची प्रक्रिया आणि परिणाम असे तीन भाग पाडून दाखविले होते. यांपैकी पहिला भाग रुग्णाला स्पष्ट दिसतो, तिसरा काही अंशी जाणवतो आणि मधला, म्हणजे खरा उपचार, जवळजवळ संपूर्णपणे त्याच्या दृष्टीआड राहतो.

येथे मदीनेच्या बाजारातील एक प्रसंग आठवतो. सहीह मुस्लिममध्ये तो आला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) धान्याच्या एका ढिगाजवळून जात होते. त्यांनी ढिगात हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. विक्रेत्याने सांगितले की पावसाने धान्य भिजले. प्रेषितांनी (स.) त्याला विचारले की मग भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, आणि फसविणाऱ्याशी आपला संबंध नाही, असे कठोरपणे बजावले. या प्रसंगात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की तो विक्रेता काही खोटे बोलला नव्हता. पाऊस खरोखरच पडला होता. धान्य भिजले हा त्याचा अपराध नव्हता. कोरडे वर आणि ओले खाली, ही मांडणी त्याचा अपराध होती.

खाजगी रुग्णालयांविषयी विचार करताना हा ढीग डोळ्यांसमोर ठेवावा. संगमरवरी फरशी, वातानुकूलित प्रतीक्षागृह, गणवेशातील हसरे कर्मचारी, ही सर्व ढिगावरची कोरडी रास आहे. ती कोरडी असणे मुळीच गैर नाही. स्वच्छता तर आपल्याकडे ईमानाशी जोडलेली आहे. प्रश्न ढिगाच्या आत हात घातल्यावर काय लागते हा आहे. आणि रुग्णाचा हात आत पोहोचतच नाही.

आत काही ठिकाणी ओल आहे, हे सांगणारे लोक बाहेरचे नाहीत. डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी ७८ डॉक्टरांच्या मुलाखतींवर आधारित 'डिसेंटिंग डायग्नोसिस' हा ग्रंथ २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात डॉक्टरांनीच आपल्या व्यवसायातील कट प्रॅक्टिस, अनावश्यक तपासण्या आणि रुग्णालयांनी डॉक्टरांवर लादलेली उद्दिष्टे यांविषयी मोकळेपणाने सांगितले आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील खाजगी संस्थांत झालेल्या बाळंतपणांपैकी ४७.४ टक्के सिझेरियनने झाली. सरकारी संस्थांत हे प्रमाण १४.३ टक्के होते. हा सर्व फरक लोभाचाच आहे असे म्हणणे अन्याय होईल. काही गुंतागुंतीच्या केसेस खाजगीकडे जातात, काही कुटुंबे स्वतःच मुहूर्त किंवा सोय पाहून शस्त्रक्रिया मागतात, आणि सरकारी दवाखान्यांत काही ठिकाणी गरज असूनही सर्जन उपलब्ध नसतो. तरीही तिपटीहून अधिक असलेला हा फरक केवळ देहाच्या गरजेतून आला असेल, यावर विश्वास ठेवणे कठीण आहे. आणि त्या ४७.४ टक्क्यांतील कित्येक भगिनींनी डिस्चार्जच्या वेळी 'अतिशय समाधानी' या चौकटीत खूण केली असेल.

सूरह मुतफ्फिफीन आपल्या परिचयाची आहे. स्वतः घेताना माप भरून घेणारे आणि दुसऱ्याला देताना कमी देणारे लोक, यांच्या विनाशाची घोषणा त्यात आहे. वैद्यकीय व्यवहारात या मापाचे रूप उलटे होते. येथे कमी देऊन नव्हे, तर गरजेपेक्षा जास्त देऊन ग्राहकाला लुबाडले जाते. एक जास्तीचे स्कॅन, आयसीयूचे दोन जास्तीचे दिवस. तराजू तोच, फक्त दांडी मारण्याची दिशा बदलली. ज्या डॉक्टर बंधु-भगिनी हे वाचत असतील, ज्यांची पॅथॉलॉजी लॅब किंवा मेडिकल स्टोअर असेल, जे एखाद्या समाजसंस्थेच्या रुग्णालयाचे विश्वस्त असतील, त्यांनी या सूरहचा विचार आपल्या लेटरहेडपुढे बसून करावा. रुग्ण पाठविल्याबद्दल आलेल्या पाकिटाला 'रेफरल' म्हटले काय आणि भेट म्हटले काय, ते कोणाच्या तरी बिलात मिसळूनच वसूल झालेले असते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नीतिनियमांनीही असे कमिशन घेण्यास आणि देण्यास मनाई केली आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. डॉक्टर म्हणतात : आम्ही कर्ज काढून यंत्रे आणली, जागेचे भाडे भरतो, पंधरा माणसांचा पगार देतो, सेवा सेवा म्हणून आम्हालाच का कोंडीत पकडता? उत्तर असे, की मेहनताना घेण्यात काहीच कमीपणा नाही. स्वतः प्रेषितांनी (स.) रक्त काढून उपचार करणाऱ्याकडून उपचार करवून घेतले आणि त्याला मोबदला दिला, हे सहीह हदीसमध्ये आहे. फी हलाल आहे, योग्य नफाही हलाल आहे. परंतु कापड दुकानात 'मला दोन मीटर हवे' असे ग्राहक सांगतो. येथे 'तुला दोन मीटर हवे' असे दुकानदार सांगतो. गरज ठरविणारा आणि गरज भागवून पैसे घेणारा एकच आहे. म्हणून डॉक्टरावर दुकानदारापेक्षा अधिक बंधन येते. हे बंधन त्याला जाचक वाटत असेल, तर रुग्णाने त्याच्यावर टाकलेला विश्वासही दुकानदाराला कधी मिळत नाही, याचा त्याने विचार करावा.

आता तराजूचे दुसरे पारडे, म्हणजे आपले. याविषयी आपल्या मासिकांतून फारसे बोलले जात नाही.

आपण रुग्णालयाकडून काय अपेक्षितो? साध्या सर्दीतापासाठी सुई हवी. अशक्तपणा वाटला की सलाईन हवे. डॉक्टरने गोळ्या न देता विश्रांती सांगितली, तर 'यांना काही कळत नाही'. नात्यात आजारी पडलेल्याला सर्वांत महागड्या रुग्णालयात नेले नाही, तर चार लोक काय म्हणतील, ही चिंता उपचाराच्या चिंतेहून मोठी होते. अमेरिकेत पन्नास हजारांहून अधिक प्रौढांच्या माहितीवर आधारित एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात डॉक्टरांविषयी सर्वाधिक समाधानी असलेल्या गटाचा एकूण आणि औषधांवरचा खर्च जास्त आढळला, रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण जास्त आढळले, आणि मृत्यूचे प्रमाणही जास्त आढळले. समाधानामुळे मृत्यू येतो, असा याचा अर्थ नव्हे. पण रुग्णाला हवे ते देणे आणि रुग्णाच्या हिताचे ते देणे या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, एवढे तरी यातून ध्यानी घ्यावे.

आपण माप पूर्ण देतो काय, हाही प्रश्न आहे. हकीमाने दिलेला कुश्ता चालू आहे हे आपण डॉक्टरपासून लपवितो. रमज़ानमध्ये मधुमेहाच्या गोळ्यांच्या वेळा आपल्याच मनाने बदलतो आणि रक्तातील साखर बिघडली की औषधाला दोष देतो. रात्री एकाच्या जागी अकरा नातेवाईक वॉर्डात उभे राहतात आणि शेजारच्या रुग्णाची झोप मोडते. इयादत ही सुन्नत आहे खरी, पण शेजाऱ्याला त्रास देणे ही सुन्नत नव्हे. आणि मृत्यू झाला, की कधीकधी काचा फुटतात. डॉक्टर व रुग्णालयांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राला २०१० मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला, ही कोणत्याही समाजाला अभिमानाची बाब नाही.

मृत्यूच्या वेळी दोन टोके दिसतात. काही जण 'तकदीर' म्हणून सर्व सोडून देतात, अगदी उघड निष्काळजीपणासुद्धा. काही जण प्रत्येक मृत्यू हा कोणाचा तरी गुन्हाच मानतात. या दोन टोकांमधली वाट आपल्या पूर्वजांनी फार पूर्वी आखली होती. बाराव्या शतकात शामच्या प्रदेशात अश-शैज़री या लेखकाने बाजारावर देखरेख करणाऱ्या मुहतसिबसाठी एक मार्गदर्शक ग्रंथ लिहिला. नानबाई आणि अत्तारांबरोबर त्यात वैद्यांचेही प्रकरण आहे. वैद्याने रुग्णाला तपासावे, काय दिले ते लिहावे आणि त्या लेखाची प्रत साक्षीदारांसमोर नातेवाइकांना द्यावी. प्रत्येक भेटीला असेच करावे. रुग्ण बरा झाला तर वैद्याला त्याचा मोबदला मिळावा. दगावला, तर नातेवाइकांनी त्या सर्व प्रती घेऊन प्रमुख वैद्याकडे जावे. उपचार शास्त्राप्रमाणे झाला असेल तर आयुष्याची मुदत संपली असे त्याने सांगावे. हयगय झाली असेल तर त्या वैद्याकडून दियत मागण्यास सांगावे. वैद्यक न शिकता उपचार करणाऱ्यावर नुकसानीची जबाबदारी येते, या अर्थाची हदीस अबू दाऊद आणि इब्ने माजा यांच्या संग्रहांत आहे. तिच्याशी हे सुसंगतच आहे.

या व्यवस्थेत ढिगाच्या आत हात घालण्याचा मार्ग आहे. रुग्णाला स्वतःला काही कळत नाही हे तिने मान्य केले, म्हणून कळणाऱ्या दुसऱ्या माणसापुढे कागद ठेवण्याचा हक्क त्याला दिला. १२८४ साली काहिरा येथे सुलतान कलावून याने बांधलेल्या बिमारिस्तानाचे वर्णन आपण व्याख्यानांतून ऐकतो : गरीब-श्रीमंत, स्त्री-पुरुष सर्वांना प्रवेश आणि खर्चासाठी वक्फ. ते सांगताना आपली छाती फुगते. मला मात्र त्या भव्य इमारतीपेक्षा अश-शैज़रीच्या कागदाची प्रत अधिक मोलाची वाटते, कारण इमारत आज आपण बांधू शकत नाही, आणि कागद आजच मागू शकतो.

तो मागण्याचा हक्क आजच्या कायद्यानेही दिला आहे. वर उल्लेखिलेल्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागणी केल्यावर ७२ तासांत उपचारांची कागदपत्रे मिळाली पाहिजेत. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्याचा, औषधे व तपासण्या हव्या त्या ठिकाणाहून घेण्याचा आणि पुरुष डॉक्टर तपासत असताना स्त्री रुग्णाजवळ दुसरी स्त्री असण्याचा हक्क नमूद आहे. आपल्या भगिनी संकोचाने जे मागत नाहीत, ते मागण्याचा त्यांना हक्कच आहे. २०२१ मध्ये महाराष्ट्राने शुश्रूषागृह नोंदणीचे नियम सुधारून ही सनद आणि दरपत्रक रुग्णालयात दर्शनी भागी लावणे बंधनकारक केले. धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. हे माहीत नसल्याने कित्येक घरांत जनावर, दागिना, शेताचा तुकडा विकला जातो आणि मशिदीच्या फलकावर मदतीचे आवाहन लागते.

बिल थकले म्हणून मय्यत अडवून ठेवणे ही या व्यवहारातील सर्वांत क्रूर बाब होय. दफन लवकर करावे ही शिकवण असलेल्या कुटुंबाची अशा वेळी होणारी तगमग सांगण्याची गरज नाही. त्या सनदेनुसार असे अडविता येत नाही, हे ठामपणे सांगावे. परंतु मय्यत घरी आणली म्हणजे देणे संपले, असेही नाही. कर्जदार मृताची जनाज़ा नमाज़ पढविण्यास प्रेषितांनी (स.) प्रारंभी नकार दिला, आणि एका सहाबींनी ते कर्ज आपल्या अंगावर घेतल्यावरच नमाज़ पढविली. रुग्णालयाचे न्याय्य बिल हेही कर्जच आहे. ते हप्त्यांनी फेडावे, अवाजवी असेल तर तपशील मागून भांडावे, परंतु दफनानंतर विसरून जाऊ नये.

जाता जाता, डिस्चार्जच्या त्या कागदावर जागा नसलेल्या एका माणसाविषयी लिहावेसे वाटते. तुमच्या गावात असा एखादा डॉक्टर असेल. पोटदुखीने आलेल्या बाईला तो वीस मिनिटे तपासतो, प्रश्न विचारतो आणि सांगतो की सोनोग्राफीची गरज नाही, शस्त्रक्रियेची तर मुळीच नाही. जेवणाच्या वेळा सांभाळा, आठवड्याने पुन्हा या. त्याच्या दवाखान्यात एसी नाही, बाकडे जुने आहे. बाई फी देऊन घरी येते. घरचे विचारतात काय दिले, आणि ती म्हणते, काहीच दिले नाही, नुसत्या गप्पा मारल्या आणि पैसे घेतले. दुसऱ्या दिवशी मुलगा तिला शहरातल्या मोठ्या रुग्णालयात घेऊन जातो. तेथे तासाभरात चार तपासण्या होतात आणि सर्वांचे समाधान होते. जुन्या बाकड्याच्या दवाखान्यात त्या दिवशी एक खुर्ची रिकामी राहते, आणि असे दिवस वाढत गेले की तो डॉक्टरही भिंतीला रंग देण्याचा आणि दारात सोनोग्राफीचे यंत्र आणण्याचा विचार करू लागतो. यंत्र कर्जाने येते. कर्जाचा हप्ता दरमहा भरावा लागतो.